विस्तवावरचा पहारा

विस्तव पेटविणे ही मानवाची फार जुनी विद्या आहे. विस्तव आवरणे ही तिच्याहून अवघड आणि पुष्कळ उशिरा हस्तगत झालेली विद्या होय. चुलीपुढे बसणाऱ्या गृहिणीला हे कोणी समजावून सांगावयास नको. लाकूड केव्हा पुढे सारावे, केव्हा मागे ओढावे, निखाऱ्यांवर राख केव्हा पसरावी, हे सारे निर्णय ती डोळ्याने, हाताने आणि अनुभवाने घेत असते. आणि क्षणभर पाठ वळली तर दूध उतू जाते. ज्या घरी न्हाणीघरात तांब्याचा बंब पेटत असे, तेथेही जळण किती घालावयाचे याचा अंदाज माणसालाच बाळगावा लागे. अग्नी आणि त्याच्यावरील पहारेकरी ही जोडी हजारो वर्षे अभंग राहिली. अग्नी आला की कोणाची तरी झोप गेलीच.

युरोप-अमेरिकेच्या ज्या प्रदेशांत हिवाळ्याचे चार-पाच महिने दाराबाहेर बर्फ असते, तेथे तर हा पहारा घरातील अत्यंत जिकिरीचे काम होते. आज तेथील बहुतेक घरांत हे काम भिंतीवर बसविलेले तळहाताएवढे एक उपकरण करते. त्याचे नाव थर्मोस्टॅट. भारतात ते भिंतीवर क्वचितच दिसते. परंतु विजेची इस्त्री, गीझर आणि रेफ्रिजरेटर यांच्या पोटात त्याचीच भावंडे बसलेली असतात. कॅनडात, अमेरिकेत वा इंग्लंडात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना मात्र भिंतीवरचा थर्मोस्टॅट चांगलाच परिचयाचा आहे.

हे उपकरण स्वतः उष्णता निर्माण करीत नाही. भट्टीला ‘पुरे’ केव्हा म्हणावयाचे आणि ‘चालू दे’ केव्हा म्हणावयाचे, एवढेच ते जाणते. पण हे दोन शब्द योग्य वेळी उच्चारण्याची कला निर्जीव धातूला शिकविण्यास माणसाला जवळजवळ तीन शतके लागली. त्या तीन शतकांची कथा मोठी उद्बोधक आहे.

अंड्यांची शाळा

या कथेचा आरंभ माणसाच्या घरात होत नाही, तर कोंबडीच्या अंड्यात होतो. हे प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटेल, पण त्याचे कारण सरळ आहे. माणसाला उकडले तर तो खिडकी उघडतो, थंडी वाजली तर घोंगडी ओढून घेतो. अंड्याला यांतले काहीच करता येत नाही. कोंबडीच्या अंड्यातून पिल्लू बाहेर येण्यास एकवीस दिवस लागतात आणि या काळात त्याला सुमारे साडेसदतीस अंश सेल्सियस उष्णता अखंड मिळावी लागते. दोन-चार अंशांची चूक बराच वेळ टिकली, तर आतील जीव संपतो.

इजिप्तमधील कारागीर प्राचीन काळापासून मातीच्या भट्ट्यांत हजारो अंडी एकाच वेळी उबवीत आले. त्यांच्यापाशी तापमापक नव्हता. अंडे उचलून ते डोळ्याच्या पापणीवर टेकवावयाचे आणि त्याच्या उबेवरून भट्टीचा अंदाज घ्यावयाचा, ही त्यांची रीत. हे कौशल्य वंशपरंपरेने बापाकडून मुलाकडे जाई. फ्रान्सचे प्रसिद्ध शास्त्रज्ञ रेओम्यूर यांनी कृत्रिम उबवणीवर १७४९ साली एक ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा त्यांना या इजिप्शियन भट्ट्यांचे मोठे कौतुक वाटले होते. पण पापणी ही परंपरेने घडते. ज्या देशात ती परंपरा नाही, तेथे काय करावे? या प्रश्नाचे पहिले उत्तर रेओम्यूर यांच्या शंभराहून अधिक वर्षे आधीच एका डच कारागिराने देऊन ठेवले होते.

कोर्नेलिस ड्रेबेल हे त्या कारागिराचे नाव. हॉलंडमधील आल्कमार या गावी १५७२ साली त्यांचा जन्म झाला. मूळ व्यवसाय तांब्याच्या पत्र्यावर चित्रे कोरण्याचा. परंतु त्यांचे चित्त यंत्रांत आणि रसायनांत रमलेले. पुढे ते इंग्लंडचा राजा पहिला जेम्स याच्या आश्रयास गेले. थेम्स नदीच्या पाण्याखालून चालणारी नाव त्यांनी १६२०च्या सुमारास करून दाखविली, म्हणून इतिहासात त्यांचे नाव मुख्यतः पाणबुडीशी जोडले जाते. पण त्यांची आपोआप आवरली जाणारी भट्टी हीच त्यांची अधिक दूरगामी कामगिरी म्हणावी लागेल.

या भट्टीच्या उबेत ड्रेबेल यांनी मद्यार्काने भरलेले एक पात्र ठेवले. पात्राला वळविलेली नळी जोडून तिच्यात पारा भरला. भट्टी तापली की मद्यार्क फुगे आणि तो पाऱ्याला वर ढकली. पाऱ्यावर टेकलेली एक काडी वर उचलली जाई, आणि तिला जोडलेल्या तरफेने भट्टीच्या धुराड्याची झडप मिटू लागे. झडप मिटली की हवेचा ओघ कमी, विस्तव मंद. भट्टी निवू लागली की मद्यार्क आकसे, पारा खाली येई, झडप उघडे आणि विस्तव पुन्हा फुले. परिणामानेच आपल्या कारणाला आवर घालावा, अशी ही योजना होती. वाफेच्या यंत्राचा वेग आवरणारी जेम्स वॉट यांची फिरत्या गोळ्यांची युक्ती सर्वविदित आहे. पण ती १७८८ सालची. म्हणजे ड्रेबेल यांची भट्टी तिच्याहून दीड शतकाने ज्येष्ठ ठरते.

ड्रेबेल १६३३ साली लंडनमध्ये वारले. राजाश्रय ओसरल्यानंतर अखेरच्या दिवसांत एक मद्यगृह चालवून ते पोट भरीत होते. आपल्या भट्टीविषयी त्यांनी स्वतः लिहून ठेवले नाही. त्यांच्या जावयांनी ती विद्या काही काळ जिवंत ठेवली, एवढेच. पुढे १७८३ साली पॅरिसमध्ये बोनमँ या गृहस्थांनी कोंबड्या उबविण्यासाठीच एक नियंत्रक तयार केला. त्यांनी द्रवाला रजा दिली आणि दोन धातूंच्या कमी-अधिक प्रसरणावर विसंबून भट्टीची झडप हलविली. द्रवाकडून धातूकडे झालेले हे स्थित्यंतर महत्त्वाचे होते. काचेची नळी फुटते, मद्यार्क उडून जातो, धातू टिकतो.

दोन धातूंची जोडपट्टी

आज थर्मोस्टॅटच्या पोटात जी वस्तू शिकविली-सवरलेली म्हणून बसविली जाते, ती म्हणजे दोन धातूंची जोडपट्टी. पितळ आणि पोलाद यांच्या पातळ पट्ट्या एकमेकींवर पक्क्या जोडल्या आणि त्या तापविल्या, तर पितळ पोलादाच्या सुमारे दीडपट प्रसरण पावते. पण दोघी एकमेकींशी जखडलेल्या! पितळेला लांब व्हावयाचे आहे आणि पोलाद तिला जाऊ देत नाही. या ओढाताणीत संपूर्ण पट्टी पोलादाच्या बाजूला वाकते, आणि निवली म्हणजे पुन्हा सरळ होते. जसजशी उष्णता, तसतसे वाकणे. दोन भिन्न स्वभावांच्या धातूंना एकत्र नांदावयास लावून त्यांच्या बेबनावातूनच काम करून घेण्याची ही युक्ती आहे.

या पट्टीचे जनकत्व इंग्लंडचे घड्याळजी जॉन हॅरिसन यांच्याकडे जाते. समुद्रावर रेखांश अचूक काढता यावा म्हणून ते आयुष्यभर घड्याळे करीत होते. उन्हाळ्यात आणि थंडीत घड्याळाची गती बदलते, तिला आवर घालण्यासाठी १७४०च्या सुमारास हाती घेतलेल्या आपल्या तिसऱ्या सागरी घड्याळात त्यांनी ही जोडपट्टी बसविली. ते घड्याळ पुरे व्हावयास १७५९ साल उजाडले. त्याने हॅरिसन यांना अपेक्षित यश दिले नाही, पण त्यातील जोडपट्टी मात्र पुढे जगभर पसरली. अपयशी यंत्राच्या पोटातून एखादा यशस्वी अवयव निघावा, असे शास्त्राच्या इतिहासात अनेकदा घडले आहे.

या पट्टीला भट्टीच्या पहाऱ्यावर नेमण्याचे, आणि त्या पहारेकऱ्याचे बारसे करण्याचे, श्रेय मूळ ग्लासगोचे रसायनशास्त्रज्ञ अँड्र्यू यूअर यांना द्यावे लागते. त्यांनी १८३० साली आपल्या उपकरणाचे पेटंट घेतले आणि उष्णता व स्थिर या अर्थांचे दोन ग्रीक शब्द जोडून ‘थर्मोस्टॅट’ हे नाव त्याला दिले. यूअर हे इंग्लंडमधील नव्या गिरण्यांचे मोठे पुरस्कर्ते होते. यंत्राने यंत्रालाच आवरावे आणि माणसाच्या हातावर काहीच अवलंबून राहू नये, हे त्यांचे स्वप्न. गिरण्यांत राबणाऱ्या माणसांच्या सुखदुःखाविषयी त्यांनी दाखविलेली बेफिकिरी वादग्रस्त ठरली. तरी त्यांनी दिलेले नाव टिकले. उपकरण मात्र त्यांच्या हयातीत घराघरांत पोहोचले नाही. कारण पट्टीने जाणले ते दूरवरच्या भट्टीला कळविण्याचे साधन अजून हाती आले नव्हते. ते साधन म्हणजे वीज.

शिपायाची घंटा

अमेरिकेच्या विस्कॉन्सिन प्रांतात व्हाइटवॉटर या गावी शिक्षक तयार करणारे एक सरकारी विद्यालय होते. वॉरन जॉन्सन तेथे प्राध्यापक होते. तेथील हिवाळा अतिशय कडक. इमारतीच्या तळघरात भट्टी, आणि वर्ग वरच्या मजल्यांवर. तासातासाला विद्यालयाचा शिपाई एकेका वर्गात येई, भिंतीवरील तापमापक वाची आणि मग तळघरात उतरून झडपा कमी-अधिक उघडी. त्याच्या येण्याजाण्याने शिकविण्यात व्यत्यय येई तो वेगळाच. शिवाय एका फेरीपासून दुसऱ्या फेरीपर्यंत मुले कधी कुडकुडत, तर कधी घामाघूम होत.

जॉन्सन यांनी वर्गात एक जोडपट्टी बसविली आणि तिच्यापासून तळघरापर्यंत तार नेली. ठरावीक उष्णतेला पट्टी वाकून तारेचे मंडल पुरे करी आणि तळघरात घंटा वाजे. १८८३ साली या योजनेचे पेटंट त्यांना मिळाले. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. जॉन्सन यांच्या पहिल्या उपकरणाने शिपायाची वर्गातील फेरी वाचविली, पण त्याचे काम त्याच्याकडेच राहिले. पट्टी फक्त वर्दी देई. झडप हलविणारा हात माणसाचाच होता. अर्थात जॉन्सन तेथेच थांबले नाहीत. १८८५ साली त्यांनी मिलवॉकी येथे स्वतःची कंपनी काढली, आणि पुढे दाबलेल्या हवेच्या जोरावर झडपा हलवून मोठ्या इमारतींतील प्रत्येक खोलीची उष्णता स्वतंत्रपणे राखण्याची व्यवस्था रूढ केली.

वर्दी आणि कृती यांतील अंतर घरगुती भट्टीच्या बाबतीत ज्यांनी ओलांडले, ते आल्बर्ट बुट्झ होत. स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेले आणि लहानपणीच अमेरिकेत आलेले बुट्झ मिनिआपोलिस या अतिथंड शहरात राहत. तेथील घरांत तळघरातील भट्टीत कोळसा जळे. पहाटे सर्वांच्या आधी उठून, थंडगार जिना उतरून, झडप उघडून भट्टी फुलविणे आणि रात्री निजण्यापूर्वी ती मंद करणे हे घरातील कोणाला तरी चुकत नसे. बुट्झ यांनी १८८५ साली तयार केलेल्या आणि १८८६ साली पेटंट मिळालेल्या यंत्रात दिवाणखान्याच्या भिंतीवरची पट्टी विजेचे मंडल जोडी. त्या अल्पशा प्रवाहाने तळघरातील एका किल्लीच्या यंत्राची अडसर दूर होई. यंत्राची कळ बरोबर अर्धा फेरा घेई, आणि तिला जोडलेली साखळी भट्टीची झडप उचली. खोली उबदार झाली की दुसरा अर्धा फेरा, आणि झडप बंद.

या योजनेतील मर्म असे की, वीज येथे कष्टाचे काम करीत नाही. त्या काळी सामान्य घरात वीज पोहोचलीच नव्हती. जोर हाताने किल्ली दिलेल्या स्प्रिंगचा. विजेने फक्त आज्ञा पोहोचवावयाची. भिंतीवरून निघालेली क्षीण आज्ञा आणि दूर तळघरात तिचे पालन करणारी वेगळी शक्ती, ही विभागणी त्या दिवसापासून आजतागायत कायम आहे. पेटंटे लवकरच बुट्झ यांच्या हातून दुसऱ्यांच्या हाती गेली. त्यांच्या कंपनीची नावे बदलत गेली. अखेर १९२७ साली ती इंडियाना प्रांतातील मार्क हनीवेल यांच्या कंपनीशी एकरूप झाली, आणि हनीवेल हे नाव अमेरिकन घरांच्या भिंतींवर झळकू लागले. कोळशाच्या जागी तेल आणि नैसर्गिक वायू आले, तेव्हा भट्टीत काही भरण्याचेही काम उरले नाही. आता आज्ञा मिळताच भट्टी स्वतःच पेटत होती आणि स्वतःच विझत होती.

वर्तुळ आणि पाणसळ

या उपकरणाचे सर्वांत प्रसिद्ध रूप १९५३ साली बाजारात आले. हेन्री ड्रायफस या नामांकित रचनाकारांनी त्याला गोल आकार दिला. त्यापूर्वीचे थर्मोस्टॅट चौकोनी असत आणि भिंतीवर जरासे कलले तरी डोळ्यांत खुपत. वर्तुळ कधी वाकडे दिसत नाही! बाहेरची कडी फिरविली की हवी ती उष्णता ठरली. मुलाला वा आजीलाही समजावे इतके सोपे.

पण या गोल झाकणाच्या आत एक काटेकोर व्यवस्था होती. जोडपट्टी चक्राकार गुंडाळून तिच्या टोकावर काचेची एक छोटी नळी बसविलेली असे. नळीत पाऱ्याचा थेंब आणि एका टोकाला दोन तारांची अग्रे. खोली थंड झाली की पट्टी वळे, नळी कले, पारा घरंगळत जाऊन दोन्ही अग्रांना एकदम भिडे आणि मंडल पुरे होई. खोली तापली की नळी दुसरीकडे कले आणि मंडल तुटे. बंद काचेत ठिणगीने काही काळवंडत नसे, धूळ शिरत नसे. म्हणून ही उपकरणे अनेक दशके बिनतक्रार चालली. मात्र सारा न्याय कलण्यावर अवलंबून असल्यामुळे बैठक समतल असणे अगत्याचे. बाहेरून वर्तुळ कलले आहे की नाही ते दिसत नाही, आणि आत तर केसभर कलही चूक घडवितो. म्हणूनच ते भिंतीवर बसविताना गवंड्याप्रमाणे पाणसळ लावून पाहावी लागे.

याच पेटीत आणखी एक सूक्ष्म युक्ती होती. भट्टी बंद केली तरी तिचे तापलेले लोखंड आणि नळ काही काळ उष्णता देतच राहतात. त्यामुळे ठरावीक अंशावर भट्टी थांबविली तर खोली त्याच्याही वर तापते. दूध उतू जाण्याच्या जरा आधीच पातेले उतरविणाऱ्या हाताला हे ठाऊक असते. थर्मोस्टॅटला ते शिकविण्यासाठी पट्टीजवळ एक बारीकशी तार बसविली गेली. भट्टी चालू असेपर्यंत ती किंचित तापते आणि पट्टीला खोलीपेक्षा थोडी अधिक ऊब भासविते. पट्टी फसते, आणि वेळेच्या थोडे आधी ‘पुरे’ म्हणते. योग्य वेळी केलेली ही फसवणूक खोलीला सुखावह ठरते.

जागा आणि तारा

थर्मोस्टॅट बसविण्याची विद्या ही त्याच्या शोधाइतकीच विचार करण्याजोगी आहे. घराला किती ऊब मिळाली, हे त्याला कळत नाही. आपल्याला लागणारी हवा किती उबदार आहे, एवढेच कळते. तो साक्षीदार प्रामाणिक, पण त्याची दृष्टी वीतभर. खिडकीतून येणाऱ्या उन्हात त्याला बसविला तर घर गारठलेले असताना तो ‘पुरे’ म्हणेल. बाहेरच्या भिंतीवर अथवा दारातल्या झोतात बसविला तर इतर खोल्या भाजून निघाल्या तरी ‘चालू दे’ म्हणेल. दिव्याजवळ, स्वयंपाकघराजवळ, उष्ण हवेच्या झरोक्यासमोर तर त्याला कधीच जागा देऊ नये. घराच्या आतील भिंतीवर, नेहमी वावर असलेल्या खोलीत, जमिनीपासून सुमारे पाच फुटांवर, ही त्याची योग्य जागा मानली जाते. तारा ज्या छिद्रातून बाहेर येतात ते छिद्रही बुजवावे लागते. नाही तर पोकळ भिंतीतली गार हवा पाठीमागून हळूच येऊन त्याला चुकीची खबर देते.

तारांची व्यवस्था वाटते तितकी गहन नाही. अमेरिकन घरांत बहुधा एक छोटा ट्रान्सफॉर्मर घरातील विजेचा दाब चोवीस व्होल्टपर्यंत उतरवितो, आणि त्या सौम्य दाबाच्या बारीक तारा भिंतीतून थर्मोस्टॅटपर्यंत येतात. ‘आर’ या अक्षराच्या टर्मिनलला येणारी तार प्रवाह आणते. ‘डब्ल्यू’ची तार भट्टीला आज्ञा नेते. या दोन जोडल्या गेल्या की भट्टी पेटते. जुन्या गोल थर्मोस्टॅटचा कारभार बहुधा एवढ्या दोन तारांवर चाले. ‘वाय’ थंड करणाऱ्या यंत्राची, ‘जी’ पंख्याची, आणि ‘सी’ ही मंडल पुरे करून उपकरणाला सतत वीज पुरविणारी सामायिक तार. साधारणपणे ‘आर’ला तांबडी आणि ‘डब्ल्यू’ला पांढरी तार लावण्याचा प्रघात आहे, परंतु पूर्वीच्या कारागिराने तो पाळलाच असेल असे नाही. म्हणून जुना थर्मोस्टॅट काढताना तारेच्या रंगावर न विसंबता ती कोणत्या अक्षराखाली होती याची चिठ्ठी तिला बांधावी, आणि तारा भिंतीत निसटू नयेत म्हणून पेन्सिलीला गुंडाळून ठेवाव्या, असा जाणत्यांचा सल्ला असतो.

या सर्वांच्या आधी भट्टीची वीज मुख्य फलकावरून तोडणे आणि ती खरोखरच तुटली आहे हे टेस्टरने पारखणे आवश्यक. कारण सर्वच घरांत चोवीस व्होल्ट नसतात. भिंतीलगतच्या विजेच्या तापकांना थेट घरगुती दाबाची, अमेरिकेत पुष्कळदा दोनशे चाळीस व्होल्टची, वीज थर्मोस्टॅटमधूनच जाते. तेथे तारा जाड असतात आणि चूक प्राणघातक ठरते. एकाच्या जागी दुसरा बसविणे कदापि चालत नाही. आणि आणखी एक मर्यादा: थर्मोस्टॅटला हवेतील विषारी वायू कळत नाही. भट्टीचे धुराडे तुंबले तर कार्बन मोनॉक्साइडने भरलेल्या खोलीतही तो समाधानाने ‘उष्णता बरोबर आहे’ असेच म्हणत राहील. त्यासाठी वेगळे सूचक यंत्र लागते.

राष्ट्राच्या भिंतीवर

घरातील ही छोटी कडी एके काळी राष्ट्रीय राजकारणाचा विषय झाली. १९७३ साली अरब राष्ट्रांनी तेलाची निर्यात रोखली, तेव्हा त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी नागरिकांना थर्मोस्टॅट निदान सहा अंशांनी खाली आणण्यास, म्हणजे दिवसा सरासरी ६८ अंश फॅरनहाइटवर ठेवण्यास सांगितले. २ फेब्रुवारी १९७७ रोजी राष्ट्राध्यक्ष कार्टर लोकरीचे जाकीट घालून, जळत्या शेकोटीशेजारी बसून दूरचित्रवाणीवर बोलले. त्यांनी दिवसा ६५ आणि रात्री ५५ अंशांची विनंती केली. म्हणजे सेल्सियसमध्ये सुमारे १८ आणि १३. भट्टीची राखण यंत्राकडे सोपविली, तरी संयम माणसाकडेच राहिला होता, हे त्या काळात लख्ख दिसून आले.

घरातून बाहेर जाणारी उष्णता ही आतील आणि बाहेरील तापमानांतील फरकावर अवलंबून असते. फरक कमी ठेवला की गळती कमी. रोज आठ तास सात ते दहा अंश फॅरनहाइटने उतार दिला तर वर्षाच्या खर्चात दहा टक्क्यांपर्यंत बचत होऊ शकते, असे अमेरिकेचे ऊर्जा खाते सांगते. पण येथे लोकसमज आडवा येतो. विलेट केम्प्टन या संशोधकांनी १९८६ साली दाखवून दिले की, पुष्कळ लोक थर्मोस्टॅटला पाण्याच्या नळासारखे समजतात; कडी जास्त फिरविली की उष्णता जोरात येईल, अशी त्यांची कल्पना असते. साध्या भट्टीत वस्तुस्थिती तशी नाही. भट्टी आपल्या ठरलेल्या जोरानेच जळते. कडी फिरविल्याने ती फक्त अधिक वेळ जळते. घाईने वर नेलेला काटा खोली लवकर तापवीत नाही. तो तिला गरजेपेक्षा अधिक तापवितो.

दरम्यान पाऱ्याची नळी निवृत्त होत गेली. एका नळीतील पारा काही ग्रॅमच. पण लक्षावधी जुनी उपकरणे कचऱ्यात गेली की तो माती-पाण्यात उतरतो. १९९८ साली अमेरिकन उत्पादकांनी जुने थर्मोस्टॅट परत गोळा करण्यासाठी संस्था स्थापन केली, आणि पुढे अनेक राज्यांनी पाऱ्याच्या थर्मोस्टॅटची विक्रीच बंद केली. २०११ साली टोनी फॅडेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या कंपनीने ‘नेस्ट’ नावाचा, घरच्यांच्या सवयी शिकणारा थर्मोस्टॅट आणला. त्याचाही आकार गोल! २०१४ साली गूगलने ती कंपनी ३२० कोटी डॉलर देऊन घेतली. या नव्या पहारेकऱ्याला स्वतःला जागे राहण्यासाठी सतत वीज लागते, म्हणून पुष्कळ जुन्या घरांत पूर्वी कोणी न जोडलेली ‘सी’ तार शोधण्याची वेळ आली. २०२५ सालच्या ऑक्टोबरात नेस्टच्या पहिल्या दोन पिढ्यांचा दूरसंपर्क कंपनीने बंद केला. ती उपकरणे भिंतीवर चालत राहिली, पण मोबाइलवरून त्यांना आज्ञा देता येईना. साठ-साठ वर्षे कोणाची परवानगी न विचारता वाकणाऱ्या पितळ-पोलादाच्या पट्टीशी याची तुलना केल्यावाचून राहवत नाही.

आज्ञा देणारा

ड्रेबेल यांच्या मद्यार्कापासून आजच्या यंत्रापर्यंत साधने पालटली, तत्त्व पालटले नाही. परिणामाने कारणाला आवरावे, हेच ते तत्त्व. इजिप्तच्या कारागिराची पापणी, व्हाइटवॉटरच्या शिपायाची फेरी आणि मिनिआपोलिसच्या गृहस्थाची पहाट, ही सारी त्या इवल्याशा पट्टीने आपल्या शिरावर घेतली. माणसाची झोप वाचविणारे शोध इतिहासात फार गाजत नाहीत. पण त्यांचे उपकार थोडे नव्हेत.

तथापि पट्टीला जे सोपविता आले नाही, तेही ओळखले पाहिजे. कोणता आकडा राखावयाचा, हे ती ठरवीत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली थंड ऋतूत घरात किमान १८ अंश सेल्सियस उष्णता असावी अशी शिफारस केली. विशेषतः वृद्ध, बालके आणि आजारी यांच्यासाठी त्याहून अधिक लागू शकते, असेही सांगितले. इंधनाचे बिल परवडत नाही म्हणून काटा याच्याही खाली ठेवून कुडकुडणारी घरे श्रीमंत देशांतही आहेत, आणि त्याच रस्त्यावर रिकामी खोली रात्रभर तापविणारी घरेही आहेत. दोन्ही घरांतील थर्मोस्टॅट सारख्याच निष्ठेने आपापला आकडा राखीत असतो. विस्तवावरचा पहारा धातूकडे देता आला. किती विस्तव कोणाच्या वाट्याला यावा, हा विवेक मात्र माणसालाच करावा लागतो.